‘एंड टाइम्स’ला प्रलय म्हणायचं का?

प्रश्न असा होता की अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल (बायबल प्रमाण मानून धर्मप्रसारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती) लोकांबद्दल आणि इस्रायलबद्दल वाचताना ‘एंड टाइम्स’, ‘रॅप्चर’, ‘आर्मागेडन’ हे शब्द सारखे येतात, मराठीत त्यांचं कुठे प्रलय होतं, कुठे अंतकाळ, कुठे कयामत, तर यातलं बरोबर काय, आणि नुसत्या शब्दाने असा काय फरक पडतो?

माझ्या मते तिन्ही चुकीचे आहेत, आणि फरक खूप पडतो.

अंतकाळ हा एकट्या माणसाचा असतो. अंतकाळी मुखात हरिनाम यावं असं आपण म्हणतो, तिथे जगाचा काही संबंध नाही. प्रलय जगाचा असतो खरा, पण तो चक्रातला, सगळं पाण्यात बुडतं आणि परत सृष्टी उभी राहते, परत युगं सुरू. प्रलयाला गाव नसतं, त्यात कुठला देश कुणाच्या बाजूने लढणार हे ठरलेलं नसतं, म्हणून प्रलयाची वाट बघत कुणी मतदान करत नाही. कयामत हा इस्लामी परंपरेतला शब्द, मेलेले उठतील आणि हिशेब होईल तो दिवस, आणि त्यासाठी मराठी ख्रिस्ती लोकांकडे ‘न्यायाचा दिवस’ हा चांगला शब्द आधीपासून आहेच. पण एंड टाइम्स म्हणजे तो एक दिवस नव्हे, ती घटनांची मालिका आहे, आणि ती जमिनीच्या एका ठरावीक तुकड्यावर घडते.

ही मालिका सगळे ख्रिस्ती मानतात असं अजिबात नाही, कॅथलिक मानत नाहीत, कित्येक प्रोटेस्टंटही मानत नाहीत. एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी नावाच्या धर्मोपदेशकाने ती मांडली आणि १९०९ मध्ये निघालेल्या स्कोफील्ड या अमेरिकन धर्मोपदेशकाच्या बायबलमुळे ती अमेरिकेत घरोघर गेली, कारण त्यात बायबलच्या ओळींखाली त्याच पानावर स्कोफील्डच्या टीपा छापलेल्या होत्या आणि वाचणाऱ्याला मूळ कुठे संपलं नि टीप कुठे सुरू झाली हे पुढे पुढे वेगळं वाटेनासं झालं. क्रम साधारण असा, ज्यू लोक आपल्या भूमीत परत येतात, खरे विश्वासणारे अचानक वर उचलले जातात (हेच रॅप्चर), मागे राहिलेल्यांवर सात वर्षं महासंकट, शेवटी हर्मगिदोनची (म्हणजे आर्मागेडनची) लढाई, मग ख्रिस्ताचं पुनरागमन आणि जेरुसलेममधून हजार वर्षांचं राज्य.

आता रॅप्चर. ह्याचं ‘अत्यानंद’ असं भाषांतर मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय आणि ते वाचून जीव तुटतो, कारण इंग्रजीत त्या शब्दाला आनंदाची छटा असली तरी इथे ती नाहीच. बायबलमधल्या थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात मूळ ग्रीक क्रियापद आहे ते झडप घालून उचलून नेण्याचं, त्याचं लॅटिन झालं आणि त्या लॅटिनवरून रॅप्चर आलं. आपल्याकडे सगळ्यात जवळचं म्हणजे तुकोबांचं सदेह वैकुंठगमन, आणि एखाद्याला कल्पना समजावून सांगताना ते जरूर वापरावं, पण प्रतिशब्द म्हणून नको. तुकोबा एकटे गेले आणि मागे राहिलेल्यांवर काही कोसळलं नाही, तर इथे लाखो लोक एका क्षणात जातात आणि खरी गोष्ट मागे राहिलेल्यांची सुरू होते. मी ‘उचलले जाणे’ किंवा सरळ ‘रॅप्चर’ लिहितो.

आर्मागेडनसाठी तर शोधाशोध करायलाच नको. मराठी बायबलमध्ये प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात ‘हर्मगिदोन’ आहे, इतका छान रुळलेला शब्द सोडून आपण इंग्रजी उच्चार का घेतो कळत नाही. हिब्रूत हर म्हणजे डोंगर, म्हणजे मगिद्दोचा डोंगर असा अर्थ सहसा लावतात, आणि मगिद्दो ही उत्तर इस्रायलमधली खरी जागा आहे, आजही जाऊन बघता येते. तिथून जुना व्यापारी रस्ता जायचा म्हणून तिथे लढाया झाल्याच, इजिप्तच्या तिसऱ्या थुटमोसची इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकातली आणि पार १९१८ साली ब्रिटिश जनरल अ‍ॅलनबीची सुद्धा, ज्यात आपले पूना हॉर्स आणि डेक्कन हॉर्सचे घोडेस्वार होते. म्हणजे ‘आर्मागेडन’चं नुसतं ‘महाविनाश’ केलं की नकाशावरचं गाव पुसलं जातं, आणि परराष्ट्र धोरणाशी संबंध येतो तो नेमका त्या नकाशामुळेच.

तो संबंध किती? इथे मला दोन्ही बाजूंची घाई पटत नाही. व्हाइट हाऊसमध्ये बायबल उघडून युद्धं ठरवतात असं नाही, शीतयुद्ध, तेल, शस्त्रं, देशातलं राजकारण ही कारणं आहेतच. पण प्यू या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेच्या २०२२ च्या सर्वेक्षणात ३९ टक्के अमेरिकन प्रौढ म्हणाले की आपण शेवटच्या काळात जगतोय, इव्हँजेलिकल प्रोटेस्टंटांमध्ये तर ६३ टक्के, आणि एवढे लोक जिथे मत देतात तिथे नेत्याला त्यांची भाषा यावी लागते. १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये रेगनना अध्यक्षीय वादविवादात थेट आर्मागेडनवर प्रश्न आला होता, आणि ते म्हणाले होते की ते हजार वर्षांनी येईल की परवा हे कुणालाच माहीत नाही. २००६ मध्ये जॉन हेगी या टेक्ससच्या पाद्रीने इस्रायलच्या पाठिंब्यासाठी ख्रिस्ती लोकांची मोठी संघटना काढली, आणि १४ मे २०१८ ला अमेरिकेचा दूतावास जेरुसलेमला हलला त्या समारंभात त्याच हेगींनी आणि रॉबर्ट जेफ्रेस या दुसऱ्या पाद्रीने प्रार्थना म्हटल्या. २०२० मध्ये ट्रम्प स्वतःच एका सभेत बोलून गेले की हे आपण इव्हँजेलिकल लोकांसाठी केलं.

शब्द कसे काम करतात ते बघायचं तर माइक हकाबी बघा, बॅप्टिस्ट पाद्री, आर्कान्सॉचे माजी गव्हर्नर, २०२५ पासून इस्रायलमधले अमेरिकेचे राजदूत. इस्रायलच्या ताब्यातल्या पॅलेस्टिनी भागाला ते वेस्ट बँक म्हणायचं टाळतात, ‘ज्यूडिया आणि समारिया’ म्हणतात, म्हणजे मराठी बायबलमधले यहूदीया आणि शोमरोन. नाव बदललं की तिथल्या पॅलेस्टिनी माणसाचा प्रश्न ताब्यातल्या प्रदेशाचा न राहता देवाने दिलेल्या वचनाचा होतो, आणि वचनावर वाटाघाटी कशा करणार? मला यातलं सगळ्यात जास्त हे टोचतं, की एका जिवंत गावातल्या माणसांना दुसऱ्या कुणाच्या तरी भविष्यवाणीत पात्र करून ठेवलंय, आणि ज्यू लोकांनाही, कारण त्या मालिकेच्या शेवटी बहुतेक ज्यूंनी मरायचं किंवा ख्रिस्ती व्हायचं असतं. म्हणून या मैत्रीबद्दल कित्येक ज्यूंनाच धास्ती वाटते.

तेव्हा तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर, एंड टाइम्सला ‘शेवटचा काळ’ म्हणा. साधा आहे, मराठी बायबलच्या वळणाचा आहे, चर्चमध्ये जाणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला लगेच कळतो. एक विनंती आणखी, इव्हँजेलिकलला ‘कट्टर ख्रिस्ती’ लिहू नका, त्यात युद्धाला विरोध करणारेही खूप आहेत, ‘इव्हँजेलिकल’च ठेवा. ‘प्रलयाच्या श्रद्धेपोटी कट्टर ख्रिश्चनांचा इस्रायलला पाठिंबा’ असा मथळा असेल तर तो असा करा: ‘शेवटचा काळ जवळ आल्याचं मानणाऱ्या इव्हँजेलिकल गटांचा इस्रायलला पाठिंबा’. लांब होतो, मान्य आहे, दोन ओळी लागतील, लागू देत.