ऊर्जापातळी की ऊर्जास्तर?

अमळनेरच्या एका शिक्षिकेने विचारले आहे: अकरावीला अणू शिकवताना, अणूतल्या इलेक्ट्रॉनला असू शकणाऱ्या ठरावीक ऊर्जेला 'ऊर्जास्तर' म्हणू की 'ऊर्जापातळी'? दोन्ही शब्द छापलेले दिसतात आणि मुले फरक विचारतात.

माझे मत ठामपणे 'ऊर्जापातळी'ला. 'स्तर' हा 'स्तृ' म्हणजे पसरणे, अंथरणे या धातूपासून आला. 'थर' हे त्याचेच बोलीतले रूप. थराला जाडी असते. आपल्याकडे विहीर खणताना काळी माती, मग मुरूम, मग खडक लागतो, ते स्तर. त्याच विहिरीत पाणी काठापासून किती खाली आहे, ती पातळी. हतनूर धरणाची पातळी समुद्रसपाटीपासून मोजतात. पातळी म्हटली की 'कुठून मोजली?' हा प्रश्न आलाच. 'राज्यस्तरीय'सारख्या शब्दांत स्तरालाही पातळीचा अर्थ आहे, म्हणून तो चूक म्हणणार नाही. पण अणूत मोजमापच मुख्य आहे.

तांबे घ्या. त्याच्या सर्वांत आतल्या, के पातळीवरचा इलेक्ट्रॉन अणूबाहेर काढायला सुमारे ८९७९ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूतली ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जा लागते. क्ष-किरणांची ऊर्जा तिथवर पोचताच तांबे ते एकदम जास्त शोषू लागते, त्यावरून हा आकडा कळतो. ही झाली काठापासूनची खोली. के पातळीवर जागा रिकामी झाली की वरच्या एल पातळीवरून इलेक्ट्रॉन खाली येतो आणि ८०४८ इलेक्ट्रॉनव्होल्टचा क्ष-किरण बाहेर पडतो. वजाबाकी करा: ९३१. एल पातळी काठापासून तेवढी खाली! वर्गात फळ्यावर ही वजाबाकी जरूर करून दाखवा. थरांची अशी वजाबाकी कोणी करत नाही, पातळ्यांचीच करतात.

के, एल ही नावे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स बार्कला यांनी दिली. क्ष-किरणांवरील कामासाठी त्यांना १९१७ चे नोबेल मिळाले.

आणखी एक अडचण आहे, आणि मला तीच मोठी वाटते. 'स्तर' ऐकला की मुलांना तो आणि 'कवच', म्हणजे केंद्रकाभोवतीचा इलेक्ट्रॉनांचा एकेक गट, एकच वाटतात. बारकाईने मोजले तर ८०४८ च्या क्ष-किरणाशेजारी ८०२८ इलेक्ट्रॉनव्होल्टचा दुसरा क्ष-किरण सापडतो, कारण एल-कवच एक असले तरी त्यात पातळ्या तीन आहेत आणि त्यांतल्या दोन पातळ्यांवरून इलेक्ट्रॉन के पातळीवर उतरतात. म्हणून इलेक्ट्रॉन 'कवचात' असतो आणि 'पातळीवर' असतो, असे दोन वेगळे प्रत्यय लावून बोला. 'ऊर्जापातळी' जोडून लिहा, अनेकवचन 'ऊर्जापातळ्या'.