फॉर्मवर सही केली म्हणजे पाय मोडायची परवानगी दिली का?

प्रश्न: मी ठाण्याला राहते, बँकेत नोकरी. एका माउंटेनिअरिंग क्लबबरोबर सहा वर्षं ट्रेक करतेय. चौदा महिन्यांपूर्वी तैलबैलाच्या कातळभिंतीवर रॅपलिंग (दोराने कडा उतरणं) होतं, फी २२०० रुपये, पत्रकात 'सर्व सेफ्टी इक्विपमेंट क्लबतर्फे' असं लिहिलं होतं. माझं पहिलंच रॅपलिंग. खाली पंधरा-वीस फूट उरले असताना हात सुटला आणि मी सरळ खाली. घोटा फ्रॅक्चर, आत प्लेट टाकलीये. नंतर कळलं की मला सेफ्टी रोप लावलाच नव्हता, तो शेजारच्या बॅचला दिला होता. क्लब म्हणतो तुमचाच हात सुटला, शिवाय काही झालं तर क्लब जबाबदार नाही अशा इन्डेम्निटी फॉर्मवर तुम्ही सही केलीये, आम्ही ना-नफा ट्रस्ट, लीडर सगळे बिनपगारी, आणि काही असेल तर पुण्याच्या कोर्टात या. फॉर्म रात्री अडीचला बसमध्ये भरून घेतला होता. एक कबुली देते, त्याच घोट्याचं लिगामेंट आधी दुखावलं होतं, ते मी फॉर्ममध्ये लिहिलं नाही. माणसं घरच्यासारखी आहेत, भांडायचं जिवावर येतंय. काय करू?

उत्तर: ताई, आधी पाय कसाय ते सांगायला हवं होतंत, असो. तुमचा प्रश्न वाचला आणि मला माझेच दिवस आठवले, जीपच्या बॉनेटवर ठेवून टॉर्चच्या उजेडात सह्या केल्यात आम्ही, काय लिहिलंय ते कुणी वाचलं असेल तर शपथ.

तर सहीचं बघू, कारण सगळं घोडं तिथेच अडलंय. त्या फॉर्मला किंमत नाही असं मी म्हणणार नाही. डोंगरात जाताय म्हटल्यावर काही धोका तुम्ही पत्करलाय, दगड सुटला, पाय मुरगळला, मधमाश्या उठल्या, यासाठी क्लबला धरता येत नाही. पण सेफ्टी रोप न लावणं हा डोंगराचा धोका नाही, तो माणसाचा निष्काळजीपणा आहे. मेन रोप तुमच्या डिसेंडरमधून (कमरेशी अडकवलेल्या, उतरायचा वेग रोखणाऱ्या धातूच्या साधनातून) जातो आणि वेग तुम्ही खालच्या हाताने धरता, तो हात सुटला तर वरून बिले देणाऱ्याने, म्हणजे सेफ्टी रोप सांभाळणाऱ्याने, धरलेला दुसरा रोप तुम्हाला अडवतो, त्यासाठीच तो असतो. नवख्या माणसाचा हात सुटणार हे धरूनच चालायचं असतं. त्यामुळे 'तुमचाच हात सुटला' हा त्यांचा बचाव उलट त्यांच्याच अंगाशी येतो. आणि आमची चूक झाली तरी आम्ही जबाबदार नाही असं आधीच लिहून घ्यायचं, तेही बस निघाल्यावर, जेव्हा सही नाही केली तर मध्यरात्री एक्स्प्रेस वेवर उतरायचं का हाच पर्याय उरतो, अशा सहीवर विसंबून सुटका होईल असं त्यांनी समजू नये. सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असलेला करार कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम २३ खाली चालत नाही, तो मुद्दा इथे नक्की घ्यायचा.

आता 'आम्ही ट्रस्ट, फायदा कमवत नाही'. बरं मग? ग्राहक कायद्यात फुकट दिलेली सेवा बाहेर ठेवलीये, ना-नफा संस्था बाहेर ठेवलेली नाही. तुमच्याकडून २२०० घेतले, विषय संपला. १९९५ साली डॉक्टरांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं होतं, पैसे घेऊन सेवा देता तर ती सेवा. लीडरला पगार मिळतो की नाही हा ट्रस्टचा घरगुती प्रश्न.

पुण्याच्या कोर्टाचं पण तसंच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. म्हणजे ठाणे. ते आक्षेप घेतील, घेऊ दे. कुठल्या पातळीच्या आयोगात जायचं ते ठरतं तुम्ही भरलेल्या रकमेवर, मागितलेल्या भरपाईवर नाही, आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फीच नाही. ऑनलाइन पण दाखल होते. फक्त एक काळजी घ्या, जिल्हा आयोगाकडे 'हा करार अन्याय्य आहे म्हणून रद्द ठरवा' असं मागू नका, तो अधिकार राज्य आयोगाचा आहे. तुम्ही मागायची ती सेवेतल्या त्रुटीबद्दल भरपाई. मुदत दोन वर्षं, तुमच्याकडे दहा महिने उरलेत, आणि दहा महिने कसे जातात ते तुम्हाला फिजिओथेरपीने शिकवलंच असेल.

लिगामेंटचं मात्र मला आवडलं नाही, स्पष्टच सांगतो. तुम्ही कबूल केलंत हे बरं केलंत, पण माझ्याकडे केलंत तसं तक्रारीतही करा, कारण जुन्या एमआरआयचा कागद समोरचा वकील शोधून काढणार आणि तेव्हा तुमच्या प्रत्येक वाक्यावर संशय येणार. तुम्ही पडलात ते हात सुटून, घोटा वळून नाही, म्हणजे जुन्या दुखण्याने अपघात घडवला नाही. ते लपवल्यामुळे भरपाई थोडी कमी होऊ शकते, केस जाणार नाही. तुमच्या सर्जनकडून दोन ओळी लिहून घ्या की हे फ्रॅक्चर उंचावरून पडल्याचं आहे, जुन्या लिगामेंटचं नाही.

पुराव्याला आजपासून लागा. इव्हेंटचं पत्रक, ज्यात 'सर्व सेफ्टी इक्विपमेंट क्लबतर्फे' लिहिलंय म्हणता, ते सगळ्यात भारी, कारण ते त्यांचं स्वतःचं वचन आहे. व्हॉट्सॲप ग्रुप सोडू नका, चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, नंतर अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट जोडावं लागतं. त्या दिवशीचे व्हिडिओ ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून मूळ फाइल घ्या, फॉरवर्ड केलेली नको. दुसरा रोप कुठे होता हे एका जरी फोटोत दिसलं तरी निम्मं काम झालं. शिवाय २०२१ पासून राज्याचं साहसी पर्यटन धोरण आहे, त्यात आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायचीय. क्लबची आहे का ते माहितीच्या अधिकारात विचारा, अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो बस.

पोलिसात जावं का असं तुम्ही विचारलं नाहीत पण घरचे सांगत असतीलच. हाड मोडलं म्हणजे कायद्याने गंभीर दुखापत, भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ लागू शकतं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पण त्यात अडकणार तो वर रोपपाशी उभा असलेला एखादा कॉलेजातला पोरगा, रोप दुसरीकडे पाठवायचं ठरवणारे नाहीत. मी असतो तर गेलो नसतो, हे माझं मत, हक्क तुमचा आहे.

घरच्यासारखी माणसं म्हणताय म्हणून आधी नोटीस पाठवू, स्पीड पोस्टाने, ट्रस्ट आणि अध्यक्ष-सचिवांच्या नावे, पंधरा दिवसांची. त्यात दोनच गोष्टी विचारायच्या: इव्हेंटचा विमा काढला होता का, असेल तर पॉलिसीची कॉपी द्या, आणि खर्चाचं काय करताय. विमा असला तर पुष्कळदा भांडण तिथेच मिटतं, कारण पैसे कुणाच्या खिशातून जात नाहीत. मेडिक्लेमने दिलेलं परत मागू नका, खिशातून गेलेलं, बिनपगारी रजा आणि झालेला त्रास तेवढंच लिहा. तक्रार दाखल झाली तरी आयोग दोघांच्या संमतीने मध्यस्थीकडे पाठवू शकतो, चहा पीत तोडगा निघालेले मी बघितलेत.

आणि हो, हार्नेस (रोप अडकवायला कमरेला-मांड्यांना बांधतात ते पट्टे) तुमचं स्वतःचं होतं का क्लबचं? स्वतःचं असेल तर धुवू नका, कुणाला देऊ नका, एका पिशवीत घालून कपाटात ठेवून द्या, कारण उद्या ते 'यांचंच हार्नेस खराब होतं' म्हणणार.