कूळ संघाच्या नव्या चिटणिसाला

खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं, कसणाऱ्या आपल्या कुळांच्या संघाची चिटणिशी तुझ्याकडे आली, फार बरं वाटलं. जमाखर्च तू सांभाळशीलच. मला काळजी आहे ती वहीत कधीच न आलेल्या गोष्टींची.

मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या झडपेची, दारं भरतीच्या दाबाने मिटतात, ओहोटीला उघडतात, हे कुणीही सांगेल. पण कुठलं दार अमावास्या-पुनवेच्या उधाणाला अडतं, खेकड्यांनी बांध कुठे पोखरलाय, हे मानस सांभाळणाऱ्या काकांनाच ठाऊक होतं. ते गेले आणि पुढच्याच पावसाळ्यात बांध फुटला, खारं पाणी शेतात शिरलं. इतक्या वर्षांत मी एकदाही वही घेऊन त्यांच्याबरोबर खाजनात फिरलो नव्हतो. ती चूक माझी, आजही सलते.

म्हणून तू फिर. सभेत विचारू नकोस, तिथे जुनी माणसं ‘सगळं ठीक’ म्हणून गप्प बसतात. ओहोटीला बांधावरून चालताना तीच माणसं भरभरून बोलतात. डागडुजीचा नुसता खर्च लिहू नकोस. चिखल कुठून आणला, कुणी लिंपला, काय फसलं, तेही लिही. फसलेलं तर नक्कीच लिही. जाग्यांची नावं लोकांच्या तोंडी आहेत तशीच ठेव, सुधारू नकोस.

गोव्यातल्या गावकऱ्यांचे जुने रिवाज १५२६ च्या फोरालात, म्हणजे पोर्तुगीजांच्या सनदेत, लेखी उतरले, म्हणून आपल्याला ते कळतात.

वहीची एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेव. पहिली फेरी येत्या पुनवेआधी करू, मी येतो बरोबर.