चौकट तीच, मग पडद्यावर काय हरवतं?

वाचकांचे प्रश्न : कॉमिक्स, ग्राफिक नॉव्हेल आणि विज्ञानपट

प्रश्न : ‘वॉचमेन’वरचा २००९ सालचा चित्रपट मूळ कॉमिकला इतका धरून आहे, की कित्येक दृश्यं चौकटींवरून जशीच्या तशी उचललेली दिसतात. तरी पुस्तकाचा परिणाम त्यात येत नाही. आमच्या गटात निम्मे म्हणतात दिग्दर्शक कमी पडला, निम्मे म्हणतात कॉमिकवर चित्रपट करूच नये. तुमचं मत काय?

उत्तर : दोन्ही बाजू चित्राकडे बघताहेत. खरी गोम वेळेत आहे. कॉमिकमध्ये वेळ वाचकाच्या हातात असतो आणि ‘वॉचमेन’ तर या एकाच गोष्टीवर उभं आहे.

चौथ्या भागाची सुरुवात उघडून समोर ठेवा. डॉक्टर मॅनहॅटन मंगळावर आहे, हातात एक जुना फोटो. बारा सेकंदांनी तो फोटो वाळूत टाकणार आहे, हे त्याला आधीच ठाऊक आहे. चौकटी पुढे-मागे उड्या मारतात : फोटो हातात, फोटो वाळूत, परत हातात. भूतकाळ आणि भविष्यकाळ त्याला एकदमच दिसतात, आणि पान समोर असल्यामुळे आपल्यालाही ते एकदमच दिसतात. त्या पात्राची नजर काही क्षण वाचकाला मिळते. पडद्यावर मात्र एक दृश्य गेल्याशिवाय दुसरं येत नाही. तिथे निवेदन ऐकू येतं, अनुभव हुकतो.

पाचवा भाग आणखी अवघड. त्याची २८ पानं आरशासारखी रचली आहेत : पहिल्या पानाची मांडणी अठ्ठाविसाव्याशी जुळते, दुसऱ्याची सत्ताविसाव्याशी, आणि १४ व १५ ही समोरासमोरची पानं म्हणजे आरशाची मधली रेघ. हे लक्षात येताच हात आपसूक मागे जातो, पानं ताडून बघतो. चित्रगृहात हे करता येत नाही.

यात हालचालीचा काही संबंध नाही, हे पटवायचं असेल तर गटाला ‘ला जेते’ दाखवा. १९६२ सालचा, २८ मिनिटांचा फ्रेंच विज्ञानपट. एक छोटासा क्षण सोडला तर सगळा स्थिर छायाचित्रांचा. चित्रं हलत नाहीत, तरी तो कॉमिक वाटत नाही, कारण प्रत्येक छायाचित्र किती वेळ थांबणार हे दिग्दर्शकाने ठरवलेलं आहे.

तुमचा वाद मिटवायला एक प्रयोग सुचवतो. कॉमिकमधला एकच प्रसंग निवडा, दोन-तीन पानांचा. चौकटी मोजा, फुग्यांतले शब्द मोजा, मग प्रत्येकाने आपल्या गतीने तो वाचून घड्याळात वेळ बघावी. वेळा सारख्या येणार नाहीत. कुठे कोण रेंगाळलं तेही लिहून ठेवा. आता चित्रपटातला तोच प्रसंग लावा. जिथे बहुतेक जण रेंगाळले होते तिथे दिग्दर्शकाने काय केलं? ‘वॉचमेन’मध्ये अनेकदा हालचाल मंद केली आहे, म्हणजे चौकट थिजवायचा प्रयत्न आहे. आमच्या मते तिथेच चूक झाली. थिजवलेली चौकट म्हणजे थांबलेला वाचक नव्हे.

म्हणून ‘कॉमिकवर चित्रपट नकोच’ हेही पटत नाही. ‘पर्सेपोलिस’ (२००७) बघा. पुस्तकाच्या लेखिकेनेच सहदिग्दर्शन केलं आणि पानांची चौकटबंद मांडणी सोडून दिली. काळ्या-पांढऱ्या रेषा ठेवल्या, पण एक दृश्य दुसऱ्यात विरघळत जातं, जे छापील पानावर होऊ शकलं नसतं. तिने चौकट सोडली म्हणून पुस्तकाचा आत्मा राहिला.

प्रश्न : ‘ब्लेड रनर’मध्ये नायक स्वतः यंत्रमानव आहे की नाही यावर आमचा वाद संपतच नाही. जो तो वेगळाच पुरावा देतो.

उत्तर : आधी प्रत्येकाला विचारा, कुठली आवृत्ती पाहिली? बहुतेक भांडण तिथेच उलगडेल. १९८२ मध्ये प्रदर्शित झालेल्या आवृत्तीत नायकाच्या आवाजातलं निवेदन आहे आणि शेवट सुखाचा आहे. १९९२ च्या आवृत्तीत निवेदन गेलं, तो शेवट गेला आणि युनिकॉर्नचं (एकशिंगी घोड्याचं) स्वप्न आलं. शेवटाजवळ नायकाला घडी घालून केलेला छोटा युनिकॉर्न सापडतो, त्याला त्या स्वप्नामुळेच वेगळा अर्थ येतो. १९८२ ची आवृत्ती पाहिलेल्याला तो पुरावा कधी दिसलाच नाही, मग तो मान्य कसा करणार? २००७ च्या ‘फायनल कट’मध्ये स्वप्न आहेच, शिवाय उडत्या गाडीच्या दिसणाऱ्या तारा पुसण्यासारख्या दुरुस्त्याही आहेत.

पहिल्यांदा बघणाऱ्याने २००७ ची बघावी. नंतर १९८२ ची जरूर बघावी, खास त्या निवेदनासाठी; जे डोळ्यांना आधीच कळलंय तेच शब्द पुन्हा सांगू लागले की दृश्य कसं चपटं होतं, ते तिथे स्पष्ट कळतं.

प्रश्न : ग्राफिक नॉव्हेल म्हणजे महागड्या कागदावरचं कॉमिकच ना?

उत्तर : माध्यम एकच, त्यामुळे ‘कॉमिक’ म्हटल्याने कुणाचा अपमान होत नाही. ‘ग्राफिक नॉव्हेल’ हा शब्द १९६४ पासून वापरात आहे आणि चित्रकथाकार विल आयस्नर यांच्या १९७८ च्या पुस्तकाने रूढ झाला. ‘वॉचमेन’ मुळात १९८६-८७ मध्ये १२ सुट्या अंकांत आलं. १९९२ मध्ये विशेष पुलित्झर मिळवणारं ‘माउस’ही आधी नियतकालिकात क्रमशः येत होतं. बांधणीवरून दर्जा ठरवू नका.

प्रश्न : फिरत्या अंतराळस्थानकात लोक जमिनीवरच्यासारखे चालताना दाखवतात. हे कितपत खरं?

उत्तर : तत्त्व खरं आहे, आणि आकडे घरबसल्या तपासता येतात. चाकाची त्रिज्या मीटरमध्ये घ्या, मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या वर्गाने गुणा. उत्तर ९०० च्या आसपास आलं तर पृथ्वीइतकं वजन, १५० च्या आसपास आलं तर चंद्रावरचं. बाहेरून चाक फिरताना दिसतं असं दृश्य निवडा, घड्याळ लावून एक फेरी मोजा. त्रिज्येचा अंदाज खिडक्यांवरून किंवा माणसांच्या उंचीवरून येतो.

‘२००१ : अ स्पेस ओडिसी’साठी (१९६८) खरोखर फिरणारं चाक बांधलं होतं, व्यास ३८ फूट, म्हणजे त्रिज्या सुमारे ५.८ मीटर. एवढ्या चाकात पृथ्वीइतकं वजन हवं तर मिनिटाला बाराहून जास्त फेऱ्या लागतील. माणसाला गरगरेल, शिवाय डोकं केंद्राच्या जवळ असल्याने पायांच्या तुलनेत त्याला जेमतेम ७० टक्के ओढ जाणवेल. पाच फेऱ्यांत चंद्राइतकं वजन मिळतं, ते पटण्यासारखं आहे. पण आता त्यात पळणारा माणूस घाला. चाकाच्या कडेचा वेग सेकंदाला साधारण ३ मीटर, आपल्या सावकाश धावण्याइतकाच. तो फिरण्याच्या उलट दिशेने धावला तर वजन जवळजवळ नाहीसं होऊन पाय जमिनीवरून सुटतील. त्याच दिशेने धावला तर वजन चौपट. चित्रपटातलं धावणं बघताना हे डोक्यात ठेवा, दृश्य दुप्पट रंगतं.

मिनिटाला दोनच फेऱ्या ठेवून पृथ्वीइतकं वजन हवं असेल, तर त्रिज्या सव्वादोनशे मीटरच्या घरात जाते. म्हणून एखाद्या चित्रपटातलं छोटंसं यान संथपणे फिरतंय आणि आत लोक आरामात जेवताहेत, असं दिसलं तर हिशेब चुकलाय हे नक्की.

प्रश्न : ‘अकिरा’ चित्रपटाचा शेवट डोक्यावरून गेला. मूळ मांगा (जपानी कॉमिक) वाचून कळेल का? आणि उलटीकडून वाचायची सवय कशी लावायची?

उत्तर : कळेल. मांगा सहा जाड खंडांचा, दोन हजारांहून जास्त पानांचा आहे. १९८८ मध्ये चित्रपट आला तेव्हा मांगा पुरा झालेला नव्हता, तो १९९० मध्ये संपला. दोन तासांत मावेना म्हणून पात्रंच्या पात्रं आक्रसली आहेत.

वाचताना वरच्या उजव्या चौकटीपासून सुरुवात करा. चौकटीतले फुगेही उजवीकडूनच. क्रम चुकला तर चौकटींमधल्या पांढऱ्या पट्ट्या बघा : बऱ्याच मांगांत आडवी पट्टी रुंद आणि उभी अरुंद असते. अरुंद पट्टी ओलांडा, ओळ संपली की मगच खाली उतरा. जुन्या इंग्रजी आवृत्त्यांत पानं आरशासारखी उलटी छापत. सोय झाली, पण उजव्या हाताचे सगळे डावखुरे झाले. शक्यतो मूळ दिशेचीच प्रत घ्या.

प्रश्न : जुन्या अंकांची पानं पिवळी पडून तुटताहेत. लॅमिनेशन करावं का?

उत्तर : अजिबात नको. उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही आणि कागदातलं आम्ल आतच राहतं. वर्तमानपत्री कागदात लाकडातलं लिग्निन हे द्रव्य उरतं, त्यामुळे तो पिवळा पडतो; पडलेला पिवळेपणा परत जात नाही, वेग मात्र कमी करता येतो.

प्रत्येक अंक वेगळ्या पिशवीत, मागे आम्लरहित पुठ्ठा. साधा खोक्याचा पुठ्ठा स्वतःच आम्ल सोडतो. पिशवी पॉलिप्रॉपिलीनची असेल तर पाच-सात वर्षांनी बदला. पॉलिएस्टरची खूप जास्त टिकते. नव्या प्लास्टिकचा उग्र वास येणारी पीव्हीसी पिशवी घेऊ नका. पिशवीची झडप चिकटपट्टीने लावली असेल, तर अंक काढण्याआधी पट्टी पूर्ण काढून बाजूला करा. अर्धवट सुटलेली पट्टी मुखपृष्ठाला चिकटते आणि रंगाचा पापुद्रा घेऊन येते.

अंक पेटीत उभे ठेवा, कलणार नाहीत इतके भरून, पण ओढून काढावे लागतील इतके ठासून नाही. आडव्या थप्पीत खालच्यांचा कणा वळतो. खोली थंड आणि अंधारी, आर्द्रता ४० ते ५० टक्के. दमट हवेत आधी गंजते ती मधली पिन, आणि तिचा तांबूस डाग शेजारच्या पानांत उतरतो. दर सहा महिन्यांनी अंक मधोमध उघडून पिन तेवढी बघून घ्या.