बाळंतपणासाठी सात-आठ महिने कॅनडाला जायचंय: व्हिजिटर व्हिसा घ्यावा की सुपर व्हिसा?

तुम्ही लिहिलंय की मुलगी टोरांटोजवळ असते, तिला पीआर (कायम राहण्याची परवानगी) आहे, बाळंतपण एप्रिलमध्ये आहे. तुम्ही दोघं मार्चअखेर जाऊन दिवाळी उरकूनच परतणार, आणि येताना महिनाभर जर्मनीत मुलाकडे थांबणार. एजंट म्हणतो साधा व्हिजिटर काढा, मुलगी म्हणते सुपर व्हिसा, म्हणजे तिथे स्थायिक झालेल्या मुलांच्या आईवडिलांना जास्त काळ राहू देणारा.

मी दोन्ही केलंय. २०१८ साली व्हिजिटर, २०२३ साली सुपर. वीज मंडळातून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, मुक्काम सांगली, मुलगी मिसिसॉगात. तुमच्या जागी मी असतो तर सुपर व्हिसाच काढला असता. पण त्याचं कारण त्यावर एका फेरीत पाच वर्षांपर्यंत राहता येतं हे नव्हे.

आधी एक गोंधळ निस्तरू, कारण आमचाही तोच झाला होता. पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसावर जी शेवटची तारीख असते, ती दारात शिरण्याची मुदत. आत किती दिवस राहायचं हे दारावरचा अधिकारी ठरवतो. व्हिजिटर व्हिसा अगदी दहा वर्षांचा मिळाला (नोव्हेंबर २०२४ पासून तो सरसकट तेवढा देतच नाहीत, अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतं), तरी एका फेरीत राहायचे सहा महिने. पासपोर्टवर वेगळी तारीख लिहिली नसेल तर उतरल्या दिवसापासून सहा महिने धरायचे. मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर. तुमची दिवाळी काही त्यात बसत नाही.

एजंट म्हणेल, तिथे गेल्यावर वाढवून घ्या. वाढवता येतं, खोटं नाही. मुदत संपायच्या निदान तीस दिवस आधी ऑनलाइन अर्ज करायचा, माणशी शंभर कॅनेडियन डॉलर भरायचे. अर्ज वेळेत गेला असेल तर निकाल येईपर्यंत तुम्ही कायदेशीरच राहता. आम्ही हेच केलं. बाळ जरा आधी आलं, तीन आठवडे हॉस्पिटलात होतं, मग मुक्काम वाढवणं भागच पडलं. निकालाला अडीच महिने लागले आणि परवानगी मिळाली. पण भारतातून काढलेला प्रवासविमा १८० दिवसांचा होता आणि तो काही वाढला नाही. ते अडीच महिने आम्ही दोघं विम्याशिवाय, बर्फात, जीव मुठीत धरून काढले. बायको तर पायरीवरून उतरतानासुद्धा कठडा सोडत नव्हती. तिथली सरकारी आरोग्यसेवा आपल्यासारख्या पाहुण्यांना लागू नाही, आणि हॉस्पिटलात एक दिवस पडलात तर हजारोंनी डॉलर मोजावे लागतात.

म्हणून मी व्हिसा निवडताना मुदतीआधी विमा बघतो. सुपर व्हिसाला किमान एक वर्षाचा, किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा सक्तीचा आहे, आणि तो पैसे भरून काढलेला लागतो (हप्ते चालतात), नुसतं कोटेशन चालत नाही. लोकांना ही कटकट वाटते. मला ती या व्हिसाची सगळ्यात चांगली बाजू वाटते, कारण तुमचा मुक्काम आणि विमा दोन्ही एकाच मापाचे होतात. आम्हा दोघांचे २०२३ मध्ये मिळून ३,२०० डॉलरच्या आसपास गेले, म्हणजे जवळजवळ दोन लाख रुपये. आकडा ऐकून मी दोन दिवस गप्प होतो. पुढे कळलं की लवकर परतलात आणि क्लेम केलेला नसेल तर उरलेल्या महिन्यांचे पैसे बहुतेक पॉलिसींत परत मिळतात. व्हिसा नाकारला गेला तरी मिळतात, पण ही दोन्ही कलमं घेण्याआधी वाचून घ्या. पूर्वी कॅनडातल्याच कंपनीचा विमा लागायचा. जानेवारी २०२५ पासून तिथल्या वित्तीय नियामकाची मान्यता असलेल्या परदेशी कंपन्यांचाही चालतो. एजंटने कुठलीही भारतीय पॉलिसी पुढे केली तर ती मान्यता आहे का, हे आधी विचारा.

आता माझी चूक सांगतो. जुन्या आजारांसाठी या पॉलिसींत ‘स्थिर असण्याचा काळ’ म्हणून एक अट असते, कुठे ९० दिवस, कुठे १८०. त्या काळात गोळी बदलली, डोस वाढवला किंवा कमी केला, तरी आजार अस्थिर धरतात. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी निघायच्या दोन महिने आधी बायकोची बीपीची गोळी सहज वाढवून दिली. ‘परदेशी चाललाय, जरा जास्त असलेली बरी.’ आमची पॉलिसी १८० दिवसवाली. नोव्हेंबरात तिला चक्कर आली, इमर्जन्सीत नेलं, सहा तासांत सोडलं, बिल १,९०० डॉलर. क्लेम फेटाळला. कागदावर त्यांचं बरोबर होतं, मीच ते पान वाचलं नव्हतं. तुम्ही बीपी-शुगरवाले असाल तर आत्ताच डॉक्टरांना तारीख सांगून ठेवा आणि बदल करायचे ते लवकर करून घ्या. अर्थात खरंच गरज असेल तर गोळी बदलायलाच हवी, विम्यासाठी तब्येतीशी खेळ नको. तशा वेळी कमी दिवसांच्या अटीची पॉलिसी बघायची.

सुपर व्हिसाच्या बाकीच्या बहुतेक अटी मुलीने पुऱ्या करायच्या आहेत. तिला पीआर आहे म्हणजे पहिली पायरी झाली (नुसत्या वर्क परमिटवर हा व्हिसा मिळत नाही, तेव्हा व्हिजिटरच). मग उत्पन्नाची किमान रेषा. घरात किती माणसं यावर ती ठरते आणि त्यात तुम्ही दोघंही मोजले जाता. मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेल्यावर तिचा पगार कमी दिसेल, ही गोष्ट बऱ्याच घरांत ऐनवेळी लक्षात येते. जावयांचं उत्पन्न जोडता येतं, पण मग निमंत्रणपत्रावर त्यांचीही सही लागते. त्या पत्रात तुमच्या मुक्कामभर खर्चाची जबाबदारी घेतल्याचं स्पष्ट लिहायचं. शिवाय तुमची वैद्यकीय तपासणी, तीही त्यांनी नेमलेल्या डॉक्टरांकडेच. ती टाळायला म्हणून व्हिजिटर घेऊ नका, सहा महिन्यांहून जास्त राहणार म्हटल्यावर आपल्याकडच्यांना तिथेही ती लागते. व्हिसाची फी दोन्हीकडे शंभर डॉलर, बायोमेट्रिक्सचे (बोटांचे ठसे आणि फोटो) ८५ वेगळे, जोडप्याला मिळून १७०.

अर्जात मुक्कामाचं कारण काय लिहावं, असंही तुम्ही विचारलंय. खरं ते लिहा. ‘बाळाला सांभाळायला’ म्हटलं की काम करायला आलात असा अर्थ काढतील, अशी भीती एजंट घालतात. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या नियमपुस्तिकेत उदाहरणच दिलंय की आई पैसे न घेता लेकीला मूल सांभाळायला मदत करते, ते काम धरत नाहीत. परत येणार हे मात्र पटवावं लागतं. आम्ही पेन्शनचे कागद, घराचा उतारा आणि वाटणीच्या दीड एकराचा सातबारा लावला होता. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून जोडावं लागतं. दीड एकराच्या सातबाऱ्याचं भाषांतर वाचताना मला स्वतःलाच जमीनदार झाल्यासारखं वाटलं.

जर्मनी येताना नको, जाताना करा. जर्मनीला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) लागतो, आणि त्याचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. मार्चअखेर भारतातून निघून नोव्हेंबरात जर्मनीत उतरायचं तर निघण्याआधी अर्ज घेणारच नाहीत, आणि कॅनडात पाहुणे म्हणून असताना तिथून अर्ज करणं म्हणजे त्यांना समजावत बसणं आलं. फेब्रुवारी-मार्च मुलाकडे काढा, थंडी असेल, पण नातवंडाच्या आधी पोचाल. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, तुम्हाला महिनाच हवाय. त्याचा तीस हजार युरोचा विमा वेगळा काढायचा, कॅनडाचा तिथे धरत नाहीत. आधी कॅनडाचा व्हिसा हातात घ्या, पासपोर्ट परत आला की शेंगेनला लागा. कॅनडाचा अर्ज ऑनलाइन असतो, पासपोर्ट मंजुरीनंतरच मागवतात, त्यामुळे तो फार दिवस अडकत नाही.

पासपोर्ट आला की व्हिसावर पीजी-१ असं लिहिलंय का बघा, ती सुपर व्हिसाची खूण. विमानतळावर अधिकाऱ्याला सुपर व्हिसावर आलोय हे स्वतःहून सांगा, विम्याचा कागद हातातल्या पिशवीत ठेवा. आमच्या पुढच्या रांगेतल्या पंजाबी आजोबांचा कागद सुटकेसमध्ये होता आणि सुटकेस पट्ट्यावर फिरत होती. आणि परतीची तारीख पासपोर्टवर लिहिली तर खिडकीपाशीच वाचून घ्या.

एक काम मात्र आजच करा. मुलीचा जन्मदाखला काढून बघा. तुमचं नातं त्यावरूनच सिद्ध करायचंय. आमच्या लेकीच्या दाखल्यावर आईचं नाव माहेरचं होतं आणि पासपोर्टवर लग्नात बदललेलं. मुलीचं नाव तर दाखल्यावर नव्हतंच, नुसतं ‘स्त्री’ असं लिहिलेलं. नगरपालिकेत नाव घालून घेणं, प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला यात आमचे सात आठवडे गेले. व्हिसाला त्याहून कमी लागले.