वरूडच्या सामायिक इमारतीसाठी मॅनेजर ठेवावा का?

प्रश्न: वरूडला मेन रोडवर वडिलांनी बांधलेली दुमजली इमारत आहे. खाली तीन गाळे, वर चार बिऱ्हाडं. आता ती मी, पुण्यातला धाकटा भाऊ आणि यवतमाळची बहीण अशा तिघांच्या नावावर आहे. मी खेड्यावर राहून संत्र्याची बाग पाहतो. सगळं भरलेलं असलं तर गाळ्यांचे 12,000 आणि बिऱ्हाडांचे 12,000 असं महिन्याला 24,000 भाडं येतं. पण वरची दोन बिऱ्हाडं पाच महिन्यांपासून रिकामी आहेत आणि मधल्या गाळ्याचा व्यवहार तोंडीच आहे. वरूडमधला एक माणूस सगळं पाहायला तयार आहे. वसुलीच्या 10 टक्के आणि नव्या भाडेकरूमागे एक महिन्याचं भाडं मागतो. भाऊ म्हणतो, आमच्या सोसायटीतही मॅनेजर आहे, ठेवून टाक. काय करू?

उत्तर: भाऊ, ठेवा. मात्र पुण्याच्या सोसायटीकडे बघून ठेवू नका. तिथला मॅनेजर निवडून आलेल्या समितीच्या हाताखाली काम करतो. 1960 च्या सहकारी संस्था कायद्याप्रमाणे हिशेबाचं ऑडिट होतं, वार्षिक सभेत सभासद जाब विचारतात. तुमच्याकडे समिती नाही, सभाही नाही. विचारणारे तिघंच, त्यातले दोघं बाहेरगावी. म्हणून दर महिन्याचा एकच हिशेब, पावत्यांच्या फोटोंसह, तिघांच्याही मोबाइलवर पाठवणं हे त्याचं पहिलं काम ठरवा. भावाबहिणींत बिनसतं ते बहुतेक वेळा पाण्याच्या मोटारीच्या दुरुस्तीच्या बिलासारख्या किरकोळ गोष्टीवरून, आणि तुमच्या घरात ते होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता पैशाचं. दोन बिऱ्हाडं पाच महिने रिकामी म्हणजे 30,000 बुडाले. त्या माणसाचे वर्षाचे 10 टक्के होतात 28,800. शिक्षक, बँकवाले यांच्या बदल्या मे-जूनमध्ये होतात, खोल्या तेव्हाच रिकाम्या होतात आणि तेव्हाच भरतात. नेमके त्या दिवसांत तुम्ही मृग बहारासाठी संत्र्याच्या झाडांना पाण्याचा ताण देण्यात गुंतलेले असता. हे काम त्याने केलं तर पैसे वसूल आहेत. गाळ्यांचं भाडं मात्र दुकानदार थेट खात्यावर टाकू शकतात. त्यावर 10 टक्के कशाला? गाळ्यांवर 5, बिऱ्हाडांवर 10 असं बोला, म्हणजे वर्षाचे 21,600 होतील. टक्केवारी जमा झालेल्या भाड्यावरच द्या, आणि एक महिन्याचं भाडं नवा भाडेकरू सहा महिने टिकल्यावर.

हा खर्च करात वेगळा वजा होत नाही. भाड्यातून तुम्ही प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के वजावट मिळते. मॅनेजरची फी, रंगरंगोटी सगळं त्यातच आलं. हिस्से ठरलेले असतील तर तिघांनी आपापल्या वाट्याचं भाडं आपापल्या विवरणपत्रात दाखवायचं. सगळं भाडं तुमच्या खात्यात येतं म्हणून ते सगळं तुमचं उत्पन्न ठरत नाही.

मला खरी काळजी त्या मधल्या गाळ्याची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं मानलं जातं. खोटं ठरवायचं तर पुरावा तुम्ही द्यायचा. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मॅनेजर आला म्हणून ही जबाबदारी त्याच्यावर जात नाही. तो कागद तयार करेल, धावपळ करेल, सही मालकांची.

त्याला मोकळं मुखत्यारपत्र देऊ नका. तिघांच्या सहीचं एका वर्षाचं साधं पत्र द्या: 2,000 रुपयांपर्यंतची दुरुस्ती न विचारता, त्यापुढे तिघांना विचारून. अनामत रक्कम त्याच्या हातात जाऊ नये. तिघांच्या नावाचं बचत खातं उघडा, भाडं आणि अनामत तिथेच जमा होऊ द्या. बहीण यवतमाळहून येईल तेव्हा खात्याच्या फॉर्मवर, पत्रावर आणि मधल्या गाळ्याच्या करारावर तिच्या सह्या एकाच फेरीत घ्या.