भुरीसाठी मालक जास्तीचे पैसे मागताहेत

‘ताई, आम्ही दोघं पुण्यात कोथरूडला टू बीएचके फ्लॅटमध्ये भाड्यानं राहतो. भाडं २६ हजार, डिपॉझिट ७५ हजार. मागच्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये भिजत बसलेलं कुत्रीचं पिल्लू मी वर आणलं. दोन दिवसांपुरतं म्हणून आणलेली भुरी आता घरचीच झाली आहे. मालकांना सांगायचं राहून गेलं. गेल्या आठवड्यात नळ गळतोय म्हणून मालककाका स्वतः आले, तर भुरी दारातच उभी! ॲग्रीमेंट पुढच्या महिन्यात संपतंय. काका म्हणतात, राहायचं असेल तर भाडं २९ हजार आणि वर २० हजार रोख, ते परत मिळणार नाहीत. नाहीतर फ्लॅट खाली करा. “मुलीसाठी घेतलाय हा फ्लॅट. वास बसला तर ती राहील का इथं?” असंही म्हणाले. सेक्रेटरींचा वेगळाच मेसेज आलाय की भाडेकरूंना प्राणी पाळता येणार नाहीत आणि कुत्रीला लिफ्टमधून नेऊ नका. नवरा म्हणतो, भुरीला दोन महिने गावी त्याच्या भावाकडे ठेवू, सह्या झाल्या की परत आणू. काका मागतात ते कायद्यात बसतं का? आणखी एक. भुरीनं बेडरूमच्या दाराचं सनमायका खालच्या बाजूनं कुरतडलंय. ते काकांनी अजून पाहिलेलं नाही. मला रात्र रात्र झोप लागत नाही.’

तुझ्या नवऱ्याच्या बेताबद्दल आधी बोलते, कारण तो सगळ्यांत सोपा वाटतो आणि सगळ्यांत जास्त नुकसान त्यातच आहे. काकांनी भुरीला डोळ्यांनी पाहिलंय. या वेळच्या करारात ते ‘प्राणी पाळणार नाही’ असं कलम घालणार, हे धरून चाल. त्याच्याखाली सही करून दोन महिन्यांनी तिला परत आणलीत, तर आज नुसत्या नाराजीवर असलेली गोष्ट उद्या करारभंग होईल. मग मुदतीच्या मध्येच घर सोडायची वेळ येईल आणि ७५ हजारांच्या डिपॉझिटवर वाद घालायला काकांच्या हातात कागद असेल. सेक्रेटरींचा मेसेज आलाय, म्हणजे बिल्डिंगमध्ये भुरी लपून राहणं तसंही संपलेलं आहे.

आणि भुरीचं काय? पिल्लू असल्यापासून ती फ्लॅटमध्ये वाढलीय, तुमच्या दोघांच्या वेळांना सरावलीय. गावातली कुत्री आपापल्या हद्दीत दुसऱ्याला सहज येऊ देत नाहीत. दीर कितीही प्रेमळ असला तरी दिवसभर तिच्यामागं कोण राहणार? दोन महिन्यांसाठी गावी सोडलेलं कुत्रं हरवलं किंवा गाडीखाली आलं, अशी पत्रं मला येतात. ती वाचून उत्तर देणं फार जड जातं. तेव्हा हा बेत सोडून द्या, दोघांनीही.

आता कायद्याचं. तुला आवडणार नाही, पण स्पष्ट सांगते. तुमच्या सध्याच्या करारात प्राण्यांबद्दल काहीच लिहिलेलं नसेल, तर भुरीला आणून तुम्ही कुठलं कलम मोडलेलं नाही. मुदत संपेपर्यंत तेवढ्याच कारणावरून काकांना तुम्हाला घाईनं बाहेर काढता येणार नाही. नूतनीकरण मात्र सर्वस्वी त्यांच्या मर्जीचा प्रश्न आहे. स्वतःचा फ्लॅट कुणाला आणि कोणत्या अटींवर द्यायचा, हे मालक ठरवू शकतो. ‘बघू काय करतात’ म्हणून मुदतीनंतर तसंच बसून राहण्याचा विचार तर मुळीच नको. लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे मालकानं ठरावीक मुदतीपुरता दिलेल्या परवान्यावर, घेतलेलं राहतं घर मुदत संपल्यावर सोडलं नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ खाली दुप्पट दरानं पैसे भरावे लागू शकतात.

सोसायटीचं तसं नाही. सेक्रेटरींनी जे लिहिलंय ते त्यांच्या अधिकारात बसत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला बहुमतानं ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही आणि लिफ्टसाठी वेगळे पैसेही घेता येत नाहीत. केरळ उच्च न्यायालयानंही २०२१ मध्ये अशी बंदी बेकायदा ठरवली. पण या सूचना सोसायटीसाठी आहेत. काकांपुढं त्यांचा कागद नाचवलास तर त्यातून काही सिद्ध होणार नाही, फक्त बोलणं कडवट होईल. सेक्रेटरींशी भांडण आत्ता काढूच नकोस. मालकांची लेखी परवानगी हातात आली की तिची प्रत, रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट आणि महापालिकेचा कुत्र्याचा परवाना जोडून एक साधं पत्र सोसायटीला दे. परवाना अजून काढला नसशील तर याच आठवड्यात काढ. खाली फिरवताना पट्टा आणि शी उचलायची पिशवी, यांत मात्र एकदाही चूक होऊ देऊ नकोस. शेजाऱ्यांची निम्मी तक्रार त्याचीच असते, आणि ती रास्त असते.

काकांच्या आकड्यांकडं येऊ. दरवर्षी पाचेक टक्के वाढ होते असं धरलं, तर तुमचं भाडं २७,३०० झालं असतं. ते २९ हजार मागतात. म्हणजे भुरीपोटी महिन्याला १,७००, अकरा महिन्यांचे १८,७००, आणि त्यावर परत न मिळणारे २० हजार. एकूण ३८,७०० रुपये. एक अख्खं लाकडी दार चौकटीसकट बदलूनही यातले पैसे उरावेत. शिवाय घर सोडताना रंगाचे म्हणून डिपॉझिटमधून पैसे कापायचं कलम तुमच्या करारात आहे का, ते बघ. असेल तर एकाच भिंतीचे पैसे दोनदा. हे काकांना सांगायचंच, पण हिशेब म्हणून, आवाज न चढवता.

त्यांच्या बोलण्यातलं एक वाक्य तू स्वतःच लिहिलंयस: ‘वास बसला तर मुलगी राहील का?’ तुझ्या पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य मला ते वाटलं. त्यांना पैशाची हाव आहे असं मला दिसत नाही. मुलीसाठी राखलेलं घर खराब होईल, अशी धास्ती त्यांना आहे, आणि त्या धास्तीचा एक आकडा त्यांनी अंदाजानं सांगून टाकलाय. ती कमी झाली की आकडाही खाली येईल. भाडं वाढवून त्यांना नुकसानीची काहीच हमी मिळत नाही, दर महिन्याला थोडे पैसे मिळतात एवढंच. हमी हवी असेल तर परतीचं डिपॉझिट हा त्यांच्याही फायद्याचा मार्ग आहे. तो त्यांना तसाच समजावून सांग.

पण बोलायला जाण्याआधी ते दार दुरुस्त करून घे. झाकू नकोस, दुरुस्त कर. सुताराला बोलावून खालचा भाग साफ करून त्याच रंगाचं सनमायका बसवून घे आणि बिल जपून ठेव. मग दाराच्या खालच्या दोन फुटांवर आतून-बाहेरून पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा दुहेरी चिकटपट्टीनं लाव. नखं लागली तरी ती पत्र्यावर उमटतील आणि घर सोडताना तो काढून टाकता येईल. भुरी दार का कुरतडते, तेही बघ. तुम्ही दोघं कामाला जाताना तिला बेडरूममध्ये कोंडत असाल, तर ती बाहेर पडायला धडपडते, आणि तिच्या दातांना पहिली मिळते ती दाराची कड. दार उघडं ठेवा. नको त्या ठिकाणी जाऊ नये म्हणून लहान मुलांसाठी मिळतं तसं जाळीचं फाटक लावा. निघण्याआधी तिला चांगलं अर्धा-पाऊण तास दमवा आणि चावायला काहीतरी देऊन जा.

वासाचंही तसंच आहे. फरशीवरची शू दिसते म्हणून पुसली जाते, पण टाइल्सच्या सांध्यांत जी मुरते तिचाच वास बसतो. अमोनिया असलेलं क्लीनर त्यावर मारू नकोस. त्याचा वास कुत्र्याला शूसारखाच लागतो आणि ते पुन्हा तिथंच बसतं. प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते ओतून थोडा वेळ मुरू दे, मग पूस. भुरीची नसबंदी झाली नसेल तर डॉक्टरांशी बोलून घे. पाळीच्या दिवसांतले सोफ्यावरचे डाग आणि खाली जमणारी कुत्री, दोन्ही प्रश्न त्यानं सुटतात.

हे झालं की काका-काकूंना घरी बोलाव. फोनवर नको, व्हॉट्सॲपवर तर नकोच. काकूंनाही बोलाव असं मुद्दाम सांगते. घरात लेकीसाठी काय राखायचं, हे बहुतेक घरांत त्याच ठरवतात. भुरीला त्या वेळी पट्टा बांधून नवऱ्यानं गॅलरीत घेऊन बसावं. काकूंना कुत्र्याची भीती असू शकते, आणि ‘काही करत नाही हो ती’ या वाक्यानं आजवर कुणाची भीती गेलेली नाही. बोलण्याची सुरुवात मात्र माफीनं कर: ‘काका, तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, आमचं चुकलं.’ पुढं कारणं जोडत बसू नकोस. मग दार दाखव. काय झालं होतं, कधी दुरुस्त केलं, किती खर्च आला, हे बिलासकट. नुकसान भाडेकरूनं स्वतःहून दाखवलं आणि भरून दिलं, हे बघून मालकाचा सूर बदलतो. एरवी असली गोष्ट त्याला घर रिकामं झाल्यावरच कळते.

मग तुझा प्रस्ताव मांड. भाडं २७,३००, नेहमीच्या वाढीप्रमाणे. भुरीसाठी २० हजारांचं वेगळं डिपॉझिट, त्यांनी मागितलेल्या रकमेएवढंच, पण परतीचं. त्यातून भुरीनं केलेलं नुकसान बिल दाखवून कापायचं, उरलेलं द्यायचं. घर सोडताना व्यावसायिक सफाई तू स्वतःच्या खर्चानं करून देणार. दर तीन महिन्यांनी त्यांनी येऊन घर बघावं, आदल्या दिवशी कळवून. ही शेवटची गोष्ट तू आपणहून बोललीस तर तिला फार वजन येईल. एवढ्यावरही ते परत न मिळणाऱ्या पैशांवर अडून बसले, तर पाच-सात हजारांपर्यंत एकदाच द्यायला माझी हरकत नाही. नवीन घर घ्यायचं तर दलाली आणि टेम्पोलाच याहून कितीतरी जास्त जातील. पण महिन्याचं भाडं त्यापोटी वाढवून घेऊ नकोस. भाड्यात एकदा शिरलेली रक्कम पुढच्या वर्षी टक्केवारीनं आणखी वाढते आणि भुरीचं नाव मागं पडतं.

‘रोख’ या शब्दाला मात्र ठाम नकार दे. जे काही ठरेल ते बँकेतून द्यायचं आणि करारात लिहायचं. काका म्हणतील, उगाच स्टँप ड्यूटी वाढेल. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सवर ती पाव टक्का आहे. परत न मिळणारे २० हजार पूर्ण धरले तरी वाढ पन्नास रुपयांच्या आसपास. परतीच्या डिपॉझिटवर तर वर्षाला दहा टक्के व्याज धरून त्याचा पाव टक्का, म्हणजे पाच रुपये. तेवढे तू भर. नोंदणी तशीही टाळता येत नाही, अकरा महिन्यांचा करार असला तरी ती सक्तीची आहे.

ॲग्रीमेंट करून देणारे एजंट घरी येऊन अंगठे घेतात आणि ठरलेला मसुदा छापून आणतात, त्यात इतर अटींच्या जागी तुझं कलम घालायला सांग. साधारण असं (यातला परवानाधारक म्हणजे भाडेकरू, तुम्ही): ‘परवानाधारकाकडे भुरी नावाची एक देशी कुत्री आहे. ती सदर जागेत ठेवण्यास मालकाची संमती आहे. तिच्यामुळे झालेले, नेहमीच्या वापरापलीकडचे नुकसान परवानाधारक मूळ बिलाप्रमाणे भरून देईल. तिच्यासाठी घेतलेली परतीची अनामत रक्कम जागेचा ताबा परत दिल्यापासून १५ दिवसांत हिशेबासह परत केली जाईल.’ काका एखादं वाक्य घालू म्हणाले तर घालू दे, फक्त ‘मालकाच्या इच्छेनुसार संमती कधीही रद्द’ असं काही आलं तर थांब. त्याऐवजी, लेखी तक्रार आली तर सुधारायला एक महिना, असं सुचव. सही होईल त्या दिवशी काकांना सोबत घेऊन सगळ्या दारांचा, चौकटींचा, फर्निचरच्या पायांचा व्हिडिओ काढ आणि तिथल्या तिथं त्यांना पाठव.

हे सगळं करूनही ते नाही म्हणू शकतात. म्हणून आजपासूनच दुसरं घर बघायला लाग, बोलणी चालू असतानाच. दलालाला पहिल्या वाक्यात कुत्री आहे म्हणून सांग, घर आवडल्यावर शेवटी नको. बरीच नावं लगेच गळतील, ती गळू देत. जिथं मालक स्वतः त्याच बिल्डिंगमध्ये राहत नाही आणि फ्लॅट बिनफर्निचरचा आहे, तिथं होकार लवकर मिळतो, कारण कुरतडण्यासारखं कमी असतं. काकांशी बोलणं फिसकटलं तरी संबंध तोडू नकोस. त्यांच्याकडून ‘भाडं वेळेवर देतात, घर नीट ठेवतात, कुत्रीमुळे झालेलं नुकसान स्वतः भरून दिलं’ एवढं दोन ओळींत लिहून घे. नव्या मालकासमोर त्याचा उपयोग होईल.

बोलणं कसं झालं ते कळव. नवऱ्यालाही हे उत्तर वाचायला दे.